ढमीमांसा

प्रस्तुत प्रबंधाचा विषय क्षुल्लक आहे, हे आरंभीच मान्य करतो. कालवे का फुटतात, तुरीचे भाव का पडतात, मंत्रिमंडळाचा विस्तार का लांबतो, यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मागच्या बाकावरच्या पोराला मास्तर, आईबाप, शेजारी आणि महाराष्ट्र शासन आजवर काय काय म्हणत आले, या प्रश्नाकडे मात्र विद्वानांचे लक्ष गेलेले नाही. कारण उघड आहे. विद्वान पुढच्या बाकावर बसत होते आणि त्यांना मागे वळून पाहायला मनाई होती.

लक्षणविचार

शास्त्राचा आरंभ लक्षणाने करावा लागतो. 'ढ' कोणास म्हणावे? पूर्वाचार्यांनी, म्हणजे आमच्या आळीतल्या पालकांनी, केलेले लक्षण असे: ज्याला येत नाही तो ढ. यावर नैयायिक तत्काळ अतिव्याप्तीचा, म्हणजे नको त्यालाही पकडण्याचा, दोष दाखवतील. न येणाऱ्या गोष्टी सगळ्यांनाच असतात. आयकराचे विवरणपत्र स्वतः भरता न येणारा प्राध्यापक, आपल्याच खात्याचा शासन निर्णय दोनदा वाचून न कळणारा अधिकारी, सातबाऱ्यावरचा पोटखराबा म्हणजे काय हे न सांगता येणारा फार्महाउसचा मालक, यांना कोणी ढ म्हणत नाही. तेव्हा दुरुस्ती करू: शाळेत जे विचारतात ते ज्याला येत नाही तो ढ. याने अतिव्याप्ती गेली, पण अव्याप्ती आली. गाइडातले उत्तर घोकून पेपरात उतरवणारा आणि पेपर देऊन बाहेर पडताच ते साफ विसरणारा या लक्षणातून निसटतो. त्याला आपल्याकडे बोर्डात आलेला म्हणतात आणि क्लासवाले त्याचा फोटो चौकात लावतात.

तिसरे लक्षण आम्ही स्वतः केले आहे: जे नीट शिकवलेले नाही ते विचारल्यावर ज्याला येत नाही तो ढ. हे लक्षण निर्दोष आहे. त्यात अतिव्याप्ती नाही, अव्याप्ती नाही. एवढेच, की ते उच्चारल्याबरोबर मुख्याध्यापक चहा मागवतात आणि विषय बदलतात.

व्युत्पत्ती

बाकी सगळी अक्षरे सोडून 'ढ'च का? सर्वश्रुत कथा अशी की अशोकाच्या ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत सगळ्या अक्षरांनी रूप पालटले, ढ तेवढा जवळजवळ होता तसाच राहिला; म्हणून जो वर्षानुवर्षे त्याच इयत्तेत बसतो तो ढ. कथा फार गोड आहे आणि म्हणूनच तिच्यावर भरवसा ठेवू नये. खरी धरलीच, तर तिच्यातून निघतो तो निष्कर्ष वेगळा आहे: सव्वादोन हजार वर्षांत ढला वळण लावणारा एकही मास्तर या देशाला मिळाला नाही.

सृष्टियुग

जुनी बिरुदे सृष्टीतून उचललेली असत. खनिज वर्गात दगड आणि धोंडा येतात. माठ हा मातीचा म्हणून याच वर्गात, जरी भाजीवाल्या मावशी त्यावर आपला हक्क सांगतात. वनस्पती वर्गात ठोंब्या, गुणपत्रिकेवर उगवणारा भोपळा आणि डोक्याच्या आत साठवले जाणारे कांदे-बटाटे व भुसा. प्राणिवर्ग सर्वांत समृद्ध: गाढव, बैल, नंदीबैल, रेडा. इथे एक गोष्ट अभ्यासकांनी टिपून ठेवावी. हे सगळे कामाला जुंपायचे प्राणी आहेत. अभ्यासात कच्च्या मुलाला कुणी मास्तरांनी 'अरे मोरा' किंवा 'अरे हत्ती' अशी हाक मारल्याचे ऐकिवात नाही. ज्याच्या मानेवर पुढे जू ठेवायचे आहे, त्याला लहानपणापासून त्या नावाची सवय लावण्याचा हा दूरदर्शी उपक्रम असावा.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा त्यांनी नेमके या जुवावरच बोट ठेवले होते. सरकारी तिजोरी भरते शेतकरी-कष्टकऱ्यांच्या घामाने आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या मुलांकडे, असे त्यांनी लिहून दिले. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचा पगार १२ रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावी तो १५ ते २० रुपये असावा, असा हिशेबही मांडला. निवेदन आयोगाच्या कागदपत्रांत छापले गेले. बैल हाकणाऱ्याच्या मुलाला बैल म्हणण्याची वहिवाट त्यानंतरही चालू राहिली, कारण तिला पगारवाढ द्यावी लागत नाही.

या युगाचा अंत कायद्याने झाला. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ने छडीबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. म्हणजे वर्गात 'गाढवा' म्हणणारा शिक्षक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. गाढवे सुटली. त्यांच्या जागी आली ती शासकीय परिभाषा, आणि इथून आमच्या शास्त्राला खरा बहर येतो.

शासकीय बिरुदावली

२०१०च्या ऑगस्टमध्ये राज्यात 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' आले. आकारिक मूल्यमापन, संकलित मूल्यमापन आणि अ-१ पासून इ-२ पर्यंत नऊ श्रेणी. ३३ ते ४० टक्क्यांना 'ड' श्रेणी. वर्णमालेत ड नंतर लगेच ढ येतो. शासनाने गाडी अगदी एका अक्षरावर ब्रेक लावून थांबवली, हे त्याच्या संवेदनशीलतेचे लक्षण मानायला हरकत नाही.

श्रेणीपेक्षा मोठी गंमत वर्णनात्मक नोंदींची. नोंदवहीत प्रत्येक मुलापुढे तीन रकाने: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम होती. वर्षभर मुलाकडे पाहावे आणि जे दिसले ते लिहावे. पण त्यासाठी मुलाकडे पाहायला वेळ हवा. तो नसल्यामुळे तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, मग त्यांच्या पीडीएफ निघाल्या, मग त्या व्हॉट्सअॅपवर फिरल्या. आम्ही पाहिलेली एक नोंदवही अशी: पान वरपासून खालपर्यंत एका बैठकीत, एकाच निळ्या जेल पेनने भरलेले. हजेरी क्रमांक एकला चित्रकलेची आवड, दोनला खेळाची, तीनला गाण्याची, चारला पुन्हा चित्रकलेची, जणू शेतातली पिकांची फेरपालट. एका मुलीपुढे 'गाणी सुरेल म्हणतो' असे होते. 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात सगळ्यांना एकच: 'अवांतर वाचन वाढवावे.' वाचनाची पुस्तके मुख्याध्यापकांच्या कपाटात होती, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली बदलून गेलेल्या गुरुजींकडे राहिली होती. ती नोंदवही भरणाऱ्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. त्या दिवशी त्या दोन वर्ग एकदम सांभाळत होत्या.

२२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम जाहीर झाला. शाळा प्रगत करायच्या ठरल्या की उरलेल्यांना नाव देणे ओघानेच आले. ते 'अप्रगत'. गाढवापेक्षा हे सभ्य आहे, पण गाढवाला निदान चार पाय आहेत, स्वभाव आहे. अप्रगताला फक्त अ आहे. मग पायाभूत चाचण्या आल्या. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या वार्षिक पाहणीने वाचनाचे स्तर रूढ केले होतेच: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. आता शिक्षकांच्या खोलीत संवाद असे होतात: "तुमच्याकडे किती राहिले, सर?" "तीन अक्षरवाले, पाच शब्दवाले. एक आहे, तो कशातच बसत नाही."

असरच्याच २०२२च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले ४२.८ टक्के भरली. निम्म्याहून अधिक वर्ग ज्या बिरुदाखाली येतो, ते बिरुद मुलाला लावून भागत नाही, हे सांगायला न्यायशास्त्राची गरज नाही. साधे त्रैराशिक पुरते.

या बिरुदावलीचा मुकुटमणी म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेवरचा शेरा. 'नापास' हा शब्द मुलांच्या मनावर आघात करतो, असे लक्षात आल्यावर तो काढला गेला आणि त्या जागी 'कौशल्य विकासास पात्र' असे आले. हेतूबद्दल आमच्या मनात शंका नाही. निकालाच्या दिवशी पोरे जीव देतात आणि तो आघात खरा असतो. शंका परिणामाबद्दल आहे. निकाल लागला की जिन्यात काका भेटतातच.

"काय रे, काय लागला?"

"कौशल्य विकासास पात्र, काका."

"म्हणजे दांडी गुल."

भाषेतला कोणताही शेरा जिन्यापर्यंत पोचायला सात सेकंद घेतो आणि तिथे त्याचे मूळ रूपात भाषांतर होते. शिवाय तर्कदृष्ट्या एक आपत्ती उद्भवते. नापास झालेला कौशल्य विकासास पात्र असेल, तर पास झालेला अपात्र ठरतो. पदवीधरांच्या बेकारीकडे पाहता हे विधान चुकीचे म्हणवत नाही.

निकालमीमांसा

नापासांची संख्या बुद्धीवर अवलंबून असते, असा एक जुना समज आहे. तो तपासण्यासाठी राज्य मंडळाने, नकळत का होईना, एक प्रयोग करून ठेवला आहे. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. २०१९ला भाषा आणि समाजशास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले, निकाल ७७.१० टक्के. २०२०ला ते परत दिले, ९५.३० टक्के. २०२१ला महामारीमुळे परीक्षाच झाली नाही, ९९.९५ टक्के. चार वर्षांत महाराष्ट्राच्या पोरांची अक्कल आधी बारा टक्क्यांनी घटली, मग अठरा टक्क्यांनी वाढली आणि परीक्षा बंद होताच जवळजवळ पूर्णत्वाला पोचली. यावरून सिद्धान्त असा: ढ हा परीक्षेपूर्वी अस्तित्वात नसतो. तो परीक्षेत उत्पन्न होतो, किती व्हावा हे वरून ठरते आणि परीक्षा घेतलीच नाही तर तो नष्ट होतो.

यावर कोणी म्हणेल, मग परीक्षाच नकोत. तोही प्रयोग झाला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ने आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवायचे नाही असे ठरवले. लोकांनी त्याचे नाव 'ढकलपास' ठेवले. या नावात ढकलणारा दिसत नाही, ढकलला जाणारा तेवढा दिसतो, ही या नावाची खुबी. कायद्याची कल्पना अशी होती की मूल मागे पडतेय हे गुरुजींना वर्षभर कळत राहावे आणि त्याला तिथल्या तिथे हात द्यावा, म्हणजे वर्षाअखेरीस त्याला बसवून ठेवण्याची वेळच येऊ नये. आपण त्यातला दुसरा भाग अमलात आणला. पहिल्याला माणसे लागत होती. २०१९च्या दुरुस्तीने राज्यांना पुन्हा मोकळीक मिळाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, पुनर्परीक्षा आणि तीही गेली तर तोच वर्ग, अशी सोय परत आली. ज्या वर्गपद्धतीत चौथीपर्यंत वाचायला शिकवले गेले नाही, तिच्यातच आणखी एक वर्ष बसल्याने वाचता येईल, हा यामागचा सिद्धान्त. औषध लागू पडले नाही तर तेच औषध तीच मात्रा, असे म्हणणाऱ्या वैद्याकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही.

आदर्श विद्यार्थी

या शास्त्रात एक पोटजात अशी आहे की तिला कोणी कधी ढ म्हटले नाही. तिच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. हजेरी पूर्ण, वर्गात दंगा नाही, गणवेशाची मागणी नाही, खिचडीत किडा निघाला तरी कुरकुर नाही. ती म्हणजे पटावर नाव असलेला आणि प्रत्यक्षात जन्मालाच न आलेला विद्यार्थी. २०११च्या ऑक्टोबरात राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा अशी लाखो मुले वर्गात सापडली नाहीत. त्यांच्या नावावर तुकड्या चालत होत्या, शिक्षकपदे चालत होती, अनुदान चालत होते. खरी मुले मात्र अनुदान खात नाहीत तर प्रश्न विचारतात, आणि त्यामुळे ती कायम गैरसोयीची ठरली.

उलट बाजूला जो आहे, पण पटावर टिकत नाही, त्याला 'शाळाबाह्य' म्हणतात. त्याला शोधण्यासाठी ४ जुलै २०१५ रोजी एका दिवसात राज्यभर सर्वेक्षण झाले. सापडलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावत, मतदाराला लावतात तशी. तारखेची निवड विचार करण्याजोगी आहे. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळा लागता लागता परततात. जुलैत ती गावात असतात, पोरे शाळेत असतात. शाई लावायला त्याहून चांगला महिना शोधून सापडला नसता.

ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणाऱ्या पोराकडे जरा जवळून पाहू. तो सहावीत आहे, पहिल्या सत्रात वर्गात आणि दुसऱ्या सत्रात फडात. फडात त्याचे काम धाकट्या बहिणीला सांभाळणे, कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, पाणी आणणे, उसाचे वाढे बांधायला हात लावणे. मुकादमाने आईबापाच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ उचल किती दिली, आजवर किती टन ऊस गाडीत भरला, टनामागे दर काय, त्यातून मुकादमाचे कमिशन किती जाते आणि उचल फिटायला अजून किती गाड्या भराव्या लागतील, हे तो बापाला तोंडी सांगतो, कारण बापाला हिशेबाची चिठ्ठी वाचता येत नाही. एप्रिलमध्ये तो शाळेत येतो. फळ्यावर शेकडेवारीचे उदाहरण असते: एका दुकानदाराने एक खुर्ची अमुक रुपयांना विकली. त्याने दुकानात खुर्ची कधी घेतलेली नाही. बाई त्याला उभा करतात, तो खाली बघतो, आणि नोंदवहीत लिहिले जाते: गणितातील मूलभूत क्रियांचा सराव आवश्यक.

मेळघाटातल्या पोराची तऱ्हा आणखी न्यारी. घरात कोरकू, बाजारात हिंदी, पुस्तकात पुण्याची मराठी. गडचिरोलीत हेच गोंडीचे. हे मूल सहा वर्षांचे होईपर्यंत दोन भाषा बोलते, तिसरी शिकायला येते, आणि एकच भाषा येणारे गुरुजी त्याला 'भाषेत कच्चा' असा शेरा देतात. आमच्या पहिल्या लक्षणाप्रमाणे, म्हणजे ज्याला येत नाही तो, या वर्गात ढ कोण, हे ठरवायला आम्ही धजत नाही.

शंका आणि समाधान

शंका: काही मुलांना खरोखरच अडचण असते. त्यांचे काय?

असते, आणि इथे आम्ही थोडा वेळ थट्टा बाजूला ठेवतो. अक्षरे उलटी दिसणे, वाचलेले मनात न ठरणे, आकडे जागा सोडून पळणे, हे आळशीपणाने होत नाही. २००७च्या 'तारे जमीन पर' चित्रपटाने ते घरोघर पोचवले आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्वतंत्र स्थान मिळाले. मुंबईत शीव, नायर यांसारख्या पालिकेच्या रुग्णालयांत तपासणी होऊन दाखला मिळतो आणि त्यावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण तो दाखला काढायचा म्हणजे अशा अडचणीला नाव असते हे आईला आधी माहीत हवे, शाळेतल्या समुपदेशकाने ते सांगायला हवे, शाळेत समुपदेशक हवा, आणि तपासण्यांच्या फेऱ्या मारायला रजा हवी. विलेपार्ल्यातल्या इंग्रजी शाळेत ज्या अडचणीचे नाव डिस्लेक्सिया असते, तीच अडचण परांड्याच्या जिल्हा परिषद शाळेत पोचेपर्यंत ढ होते. बसच्या तिकिटाएवढाच फरक.

दुसरी शंका: हुशार पोरे याच शाळांतून निघतात की! निघतात. एकेकाळी निघाली, आजही निघतात, आणि त्यांच्या सत्काराला आमदार येतात. सत्कारात शाळेचे नाव घेतले जाते. जो नापास झाला त्याच्या वेळी मात्र बापाचे नाव विचारतात.

शिक्षकांची आणि शाळांची बिरुदे

आमच्या संशोधनातला सर्वांत अनपेक्षित भाग हा. आम्ही मुलांची बिरुदे गोळा करायला निघालो आणि पाहतो तो, शिक्षकांची यादी तितकीच लांब. निमशिक्षक. वस्तीशाळा शिक्षक. शिक्षणसेवक: ही योजना २००० साली आली, तेव्हा प्राथमिकच्या सेवकाला महिना ३,००० रुपये होते, २०२३मध्ये ते १६,००० झाले. फुल्यांच्या १२ रुपयांचे आजचे मोल काढून दोन्हींची तुलना करण्याचे काम आम्ही वाचकांवर सोपवतो. ते सहावीच्या त्या मुलालाही जमेल. मग 'अतिरिक्त शिक्षक', म्हणजे एका गावी जास्त झालेला, शेजारच्या गावी जागा रिकामी असताना. ही दोन गावे एकमेकांना भेटत नाहीत, कारण मध्ये शाळेची शिक्षकपदे ठरवणारी संचमान्यता आहे.

शाळांचीही तीच गत. 'कायम विनाअनुदानित' असा एक प्रकार होता. अनुदान मिळणार नाही, आणि ते कधीच मिळणार नाही, असे दोन्ही एका बिरुदात. त्या शाळांतल्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. २००९ साली शासनाने मागणीचा गांभीर्याने विचार केला आणि 'कायम' हा शब्द वगळला. शब्द गेला. अनुदान पुढे टप्प्याटप्प्याने, वीस टक्के, मग आणखी वीस, असे आंदोलनागणिक झिरपत राहिले. 'नापास'चे 'कौशल्य विकासास पात्र' करणारी आणि 'कायम' खोडणारी लेखणी एकच आहे, हे हस्ताक्षरावरून ओळखता येते. नाव बदलायला एक शासन निर्णय लागतो. गणिताच्या बाई नेमायला दर महिन्याला पगार लागतो.

'पात्र' हा शब्द आणखी एका ठिकाणी भेटतो. २०१९-२०च्या शिक्षक पात्रता परीक्षेत, म्हणजे टीईटीत, पैसे घेऊन अपात्रांना पात्र केल्याचे पुणे पोलिसांनी उघडकीस आणले. साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. येथे शास्त्राचा एक नियम मोडलेला दिसतो. मुलगा नापास झाला तर त्याचे नाव बदलतात. इथे गुणच बदलले.

अनुमान

पर्वतावर धूर दिसला की तिथे अग्नी असल्याचे अनुमान करावे, हे न्यायशास्त्राचा तर्कसंग्रह वाचणाऱ्याला पहिल्या आठवड्यात कळते. त्याच न्यायाने: जिथे जिथे ढ, तिथे तिथे रिक्त जागा. दोन शिक्षकी शाळेत पहिली ते चौथी चार वर्ग असतात. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकाला निवडणूक, जनगणना आणि आपत्ती एवढ्यांच्या कामाला जुंपू देते, पण निवडणुका काही कमी नाहीत आणि मतदार यादी तर बारमाही आहे. एक गुरुजी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचे अधिकारी, म्हणून यादी घेऊन वाडीवर गेले की उरतात बाई. बाईंना पोषण आहाराची ऑनलाइन नोंद करायची आहे, यू-डायस या शाळांच्या माहितीप्रणालीत मुलांचे आधार जुळवायचे आहेत, केंद्रप्रमुखांना एक माहिती 'तातडीने' हवी आहे आणि रेंज फक्त आंब्याखाली येते. २०१६च्या अखेरीस तर दर सोमवारी मुलांबरोबर सेल्फी काढून पाठवण्याचा आदेश निघाला होता; शिक्षकांनी विरोध केल्यावर तो थांबला. बाई आंब्याखाली उभ्या असताना वर्गात चौथीची मुलगी पहिलीच्या मुलांना बाराखडी म्हणायला लावते. ती शिकवते चांगले. तिला स्वतःला भागाकार येत नाही, कारण भागाकाराच्या आठवड्यात प्रशिक्षण होते.

या अनुमानाला अपवाद शोधण्याचा आम्ही प्रामाणिक प्रयत्न केला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या गटात, शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने मुलांना वाचते-लिहिते केले, तेव्हा राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिथे जाऊ लागल्या. परत आल्यावर पुष्कळांनी आपल्या वर्गाच्या फरशीवर तशीच रंगीत चित्रे काढून घेतली. फरशी रंगवणे बदलीच्या आत उरकण्यासारखे होते. तिच्यावर बसून मुलांशी दिवसभर बोलणे, हे कुमठ्याच्या शिक्षकांनी केले होते, आणि त्याचे रंगकाम होत नाही.

प्रबंधाच्या शेवटी शिफारशी द्याव्या लागतात. आमची एकच आहे. गुणपत्रिकेवर विषय, गुण आणि शेरा असे रकाने असतात. त्यांना लागून आणखी एक छापावा: 'या विषयास वर्षभर शिक्षक होते काय? होय / नाही.' पाचवी आणि आठवीच्या निकालपत्रकावर तो आधी छापावा, कारण तिथली पोरे दहा आणि तेरा वर्षांची आहेत. जिथे 'नाही' असेल तिथे शेरा मुलापुढे लिहू नये. ते पद ज्याने रिक्त ठेवले त्या कार्यालयापुढे लिहावा. नवा शेरा शोधत बसण्याची गरज नाही, 'कौशल्य विकासास पात्र' तयारच आहे.

मंडळ हे लगेच करील असे नाही. तोवर वाचकांनी एक करावे. जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या प्रत्येक शाळेत कायद्याने व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला असाव्या लागतात. पुढच्या बैठकीची तारीख मुख्याध्यापकांना विचारा, जा, आणि कोणत्या वर्गाला, कोणत्या विषयाला, किती महिने शिक्षक नाही, ते इतिवृत्तात लिहून घ्या. चहा आला तर प्या, पण विषय बदलू देऊ नका.